उजव्या हातावरची बादली

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. आमच्याकडे मात्र वर्षभर भांड्यांवरूनच भांडण चाललं होतं, आणि तेही डोंगरावर न्यायच्या भांड्यांवरून. साठी ओलांडलेली मी बाई, इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत चिमुकली गॅसची शेगडी मांडून एकेक भांडं पारखत बसायची. शेजारणीला वाटलं आम्ही खानावळ काढतोय. मी म्हटलं, काढतोय ना, गिऱ्हाईक एकच आहे आणि आचारीही तोच आहे.

तो आचारी म्हणजे माझे यजमान. यांचा जन्म सातपूरच्या कारखान्यात गेला, पण रविवार डोंगराचा. नाशिकच्या माणसाला डोंगर शोधत जावं लागत नाही, गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर दिसतो. यांच्याबरोबर दोघं ठरलेले. एक यांचा शाळेपासूनचा मित्र, पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगणारा, सोवळ्याचा पक्का, त्याला सगळे गुरुजी म्हणतात. दुसरा कारखान्यातला जोडीदार, मूळ मालेगावचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मागाचा धंदा. हा कारखान्यात फोरमन झाला आणि निवृत्त झाल्यावरही फोरमनच राहिला. दोघांचं कशावरही एकमत नाही. चहात साखर किती यावरून एकदा अंजनेरी चढून उतरेपर्यंत वाद चालला होता. लेकीची शाळा संपल्यावर मीही त्यांच्यात सामील झाले, आणि तेव्हापासून वाद घालणारे तीन झाले.

वरती गेल्यावर स्वयंपाक यांचा. पिठलं, बाजरीच्या भाकऱ्या घरून नेलेल्या, ठेचा, कधी नागलीची खीर. घरी पाण्याचा ग्लास उचलून घेणार नाहीत, पण डोंगरावर मला कांदासुद्धा चिरू देत नसत. नियम यांनीच केलेला: ज्याने रांधलं त्याने वाढायचं. आणि वाढणं असं, की ताटलीवर हात आडवा धरून "नको, पुरे" म्हटलं की दोन पळ्या जास्त. मी यावरून किती भांडले असेन. पोट फुटेल की काय असं खायला घालून वर हसायचे. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

मग झटका आला. सकाळी दाढी करताना यांच्या हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. वेळेत दवाखान्यात पोचलो, हे आमचं नशीब. वाचा आली, पाय आला, काठी घेऊन चालायलाही लागले. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. खांद्यापासून कोपरापर्यंत ताकद होती, कोपरात दुमडता येत होता, पण बोटं कशावर मिटायचीच नाहीत. कोपराखाली तर गरम-गार काही कळायचं नाही. देवाने जेवढा ठेवला तेवढा पुष्कळ, असं मी रोज म्हणायची.

डोंगराचा विषय निघाला की एकच वाक्य, "संपलं ते आता." गुरुजी आणि फोरमन दर रविवारी यायचे. "तुम्ही जा," हे सांगायचे. ते जायचे नाहीत. आमच्या सोफ्यावर बसून चहा प्यायचे, साखरेवरून भांडायचे आणि घरी जायचे. गुरुजीच्या पायातले डोंगराचे बूट नुसते आमच्या दाराशी येऊन परत जायचे. माझ्या जिवाला तेच लागलं. चालता येतंय, रामशेजसारखा सोपा किल्ला सावकाश चढता येईल, डॉक्टरांची ना नाही. मग अडलंय कुठे? माझ्या डोक्याने घेतलं, की अडलंय भांड्यात. या माणसाला डोंगर नुसता बघायला कधीच नको होता, तिथे चार जणांना जेवू घालायला हवा होता. एका हाताने रांधता येईल असं भांडं मिळालं तर हे उठतील, नाही तर सोफ्यावरच राहतील. यावर मी अडून बसले.

आमचं जुनं भांडं म्हणजे जर्मनचं पातेलं, पोचे पडून पडून ओळखीचं झालेलं. पण पातेल्याला कान नाहीत, मूठ नाही. ते उचलायचं सांडशीने, आणि सांडशी म्हणजे सगळा बोटांचा खेळ. डाव्या हाताने यांनी धरून पाहिली. पातेलं उचललं गेलं, मग सांडशीतच फिरलं आणि पाणी शेगडीवर. सांडशी गॅलरीतून खाली गेली. गेली म्हणजे यांनी फेकली. खाली वॉचमनची खुर्ची होती, तो नेमका चहाला गेला होता म्हणून बरं.

पुण्याहून लेकीने ट्रेकिंगचा सेट धाडला. एकात एक बसणारी भांडी, दुमडणाऱ्या मुठी, हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटू नये इतकं हलकं. "आई, याचं वजनच नाही," ती फोनवर म्हणाली. तोच तर घोटाळा होता. रिकामं भांडं शेगडीवर ठेवलं की वाऱ्याने सरकायचं, आणि ढवळायला गेलं की पळीबरोबर भांडंही गोल फिरायचं. दोन हात असलेला माणूस दुसऱ्या हाताने मूठ धरतो. यांनी कशाने धरायची? मूठही ऐन वेळेला दुमडायची. डोंगरासाठी भांडं घेताना सगळे वजन बघतात. अहो, वजन पाठीला कळतं, पण रांधतो तो हात. बुडाने जागा धरली पाहिजे, हे मी शिकले. लेकीला काही बोलले नाही, तिने प्रेमाने धाडलं होतं. तो सेट मी मसाल्याच्या कपाटात ठेवला.

लांब दांड्याचा तवा आणला, तो डाव्या हाताला कलायचा. दोन कानांची कढई आणली, तिला दोन हात लागतात हे मला घरी आणल्यावर कळलं. हसू नका. चिरण्याचं मात्र जमलं. जुन्या पोळपाटाला मी खालून दोन खिळे ठोकले, वर टोकं आली, त्यांत कांदा खुपसायचा आणि डाव्या हाताने सुरी चालवायची. पहिला कांदा चिरला तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं होतं असं मी धरून चालले.

एकदा तर पोहे अगदी झकास झाले. जड बुडाच्या लोखंडी कढईत, गॅलरीतच, सगळे यांनी केले. रविवार होता, दोघं मित्र सोफ्यावर बसलेले. मी बशा आणून ठेवल्या. यांनी पोह्यांकडे पाहिलं, झारा कढईत तसाच टाकला, म्हणाले, "जमत नाही," आणि आत जाऊन पडले. माझं डोकंच फिरलं. समोर वाफाळते पोहे आणि म्हणे जमत नाही. मी आत जाऊन नको नको ते बोलले. म्हटलं, "आणखी काय जमायचं राहिलंय? आता मीच संन्यास घ्यायचा, तेवढंच बाकी आहे." हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेर येऊन मीच पोहे वाढले.

शेवटी मी यांना घेऊन भांडी बाजारात गेले. बरेच महिने हे गर्दीत आले नव्हते. नाशिकच्या भांडी बाजारात ऐकू येण्यासाठीही ओरडावं लागतं. मी दुकानदाराला सांगत होते, की मूठ दुमडणारी नको, बूड जड हवं, एका हाताने उचलता यायला हवं. तो बिचारा एकेक काढून दाखवत होता आणि मी एकेक नाकारत होते. "काकू, तुम्हाला भांडं पाहिजे का जावई?" तो म्हणाला. मी त्याला उत्तर देणार, तेवढ्यात बाजूला पाहिलं तर हे जागेवर नव्हते.

दुकानाच्या दाराशी पंगतीच्या बादल्या टांगल्या होत्या. लग्नात वरण वाढायला घेतात त्या, पितळी, आतून कल्हई केलेल्या, वरती अर्धगोल कडी. हे त्यांच्यासमोर उभे होते. काठी भिंतीला लावलेली. डाव्या हाताने त्यांनी सगळ्यांत लहान, बसकी बादली काढली, उजवा हात कोपरात दुमडला, आणि कडी त्या हातावर अडकवली. बाई बाजाराला निघाली की पिशवी अडकवते ना हातावर, तशी. बोटांचं काही कामच नाही. मग डावा हात वर करून तो मोकळा आहे हे त्यांनी स्वतःच एकदा बघून घेतलं.

दुकानदाराने विचारलं, "काका, नाव घालू का?" आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. हे म्हणाले, "आधी वापरून बघू दे." पण आणली ती बादली यांनीच, उजव्या हातावर, रिक्षात बसेपर्यंत.

एक धास्ती होती. शेगडीवरून उतरलेल्या बादलीची कडी तापणार, आणि त्या हाताला चटका कळायचा नाही. मी जुन्या गोधडीचा तुकडा कापला, दुहेरी करून त्याची बाही शिवली, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. यांनी घालून पाहिली. "दिसते कशी?" "गोधडीसारखी," मी म्हटलं. गॅलरीत पिठलं करून पाहिलं. पीठ आधीच पाण्यात कालवून ठेवायचं, फोडणीत एकदम ओतायचं आणि ढवळत राहायचं. पितळी बूड जागचं हललं नाही, पिठलं लागलं नाही, गुठळी झाली नाही. यांनी बादली उतरवली, आणि खाणारी मी एकटीच होते म्हणून मीच वाढून घेतलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. रविवारी गुरुजी आला तेव्हा त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. दाराशीच त्याला सांगितलं, पुढच्या रविवारी रामशेज.

थंडीचे दिवस. पेठ रोडने फोरमनच्या गाडीतून गेलो. आशेवाडीच्या अंगाने पायऱ्या, मध्ये रामाचं मंदिर, पाण्याची टाकी. एरवी आम्ही तो किल्ला नाश्त्याआधी उरकायचो. त्या दिवशी प्रत्येक वळणावर बसलो. फोरमनने शेगडी घेतली, गुरुजीने पाणी, मी भाकऱ्या. बादली यांनी कोणाला दिली नाही. डाव्या हातात काठी, उजव्या हातावर बादली, बादलीत कांदे-मिरच्या आणि खिळ्यांचा पोळपाट. वरून येणारी पोरं बघायची. फोरमन त्यांना सांगायचा, "बाजूला व्हा, आचारी चाललाय."

वर कड्याच्या आडोशाला शेगडी मांडली. खाली दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांचे मळे पसरले होते. यांनी कांदा चिरला, फोडणी दिली, पीठ ओतलं, ढवळलं. आम्ही तिघं उगाच दुसरीकडे बघत बसलो होतो. वास आला तसा फोरमन म्हणाला, "यार, वर्षभर तुझ्या सोफ्यावर बसून बिस्किटं खाल्ली, आज पहिल्यांदा जेवणाचा वास आला." पिठलं रटरटलं, शेगडी बंद झाली. मी ताटल्या मांडल्या, भाकऱ्या सोडल्या. आणि यांनी पळी बादलीत ठेवून दिली.

"वाढ तू," मला म्हणाले.

"मी का वाढू? ज्याने रांधलं त्याने वाढायचं. नियम तुमचा आहे."

"वाढ म्हटलं ना."

"पोह्यांच्या वेळेसारखं करू नका हं. सगळं तर जमलंय. आता काय राहिलं?"

यांनी डावा हात पुढे केला, उताणा, जणू मला काही दाखवायचं होतं. "हा राहिलाय," म्हणाले. आवाज चढला नव्हता. "डाव्या हाताने वाढू यांच्या पानात? गुरुजीच्या?"

आपल्याकडे डाव्या हातावर कोणी प्रसाद घेत नाही, डाव्या हाताने कोणाला पैसे दिले तरी लोक बघतात. लहानपणापासून यांनीच लेकीला किती वेळा टोकलं होतं, उजव्या हाताने दे. झटक्यानंतर हे जेवायला बसायचे ते स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातात चमचा. लग्नाची आमंत्रणं आली की मला पाठवायचे. पोहे झाले आणि बशा आल्या तेव्हाच सगळं बिनसलं होतं. मी वर्षभर मुठी आणि बुडं तपासत राहिले, आणि या माणसाचं अडलं होतं ते शेवटच्या पळीवर. भांडं कुठलंही आणलं असतं तरी तिथेच अडलं असतं.

फोरमन घाईघाईने म्हणाला, "अरे यार, भूक लागलीय, कसंही वाढ."

"कसंही वाढत नसतात," हे म्हणाले. फोरमनच्याही घरी उलट्या हाताने घास देत नाहीत. दोघा मित्रांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत होतं, ते नेमकं यावर. मी गुरुजीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, याने आता सोवळ्याचं एक अक्षर काढलं तर मी याला कड्यावरून खाली ढकलीन.

गुरुजीने सावकाश हात धुतले. मांडी घातली, ताटली समोर सरळ केली, तिच्याभोवती नेहमीसारखं पाणी फिरवलं. मग म्हणाला, "बादली उचल."

"कशाला?"

"उचल तर."

यांनी गोधडीची बाही सारखी केली, हात दुमडला आणि बादली हातावर घेऊन उभे राहिले. मी दचकून पुढे झाले, गुरुजीने मला हातानेच थांबवलं.

"अन्न कुठल्या हातावर आहे?"

"उजव्या."

"मग वाढणारा हात उजवा. डावा नुसती पळी हलवतोय. पळीला कोणी वाढपी म्हणत नाही."

यांनी विचारलं, "कुठल्या शास्त्रात आहे हे?"

"इतकी वर्षं लोकांना शास्त्र सांगतोय, आजवर कोणी पुरावा मागितला नाही. तू पहिला."

"आणि लग्नातले वाढपी? त्यांची बादली डाव्या हातात असते. ते सगळे डाव्या हाताने वाढतात म्हणायचे?"

"त्यांचं ते बघतील," गुरुजी म्हणाला. "मी तुझ्या पंगतीला बसलोय. वाढ."

यांनी पळी उचलली. पहिली पळी अर्धी ताटलीत आणि अर्धी गुरुजीच्या धोतरावर. गुरुजीने धोतराकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. आयुष्यभर ज्याने परक्याच्या हातचं पाणी प्यायच्या आधी दहा प्रश्न विचारले, तो हा माणूस. माझ्या डोळ्यांना धार लागली ती मी थांबवली नाही. फोरमनने ताटली दोन्ही हातांनी उचलून पुढे धरली. "मीठ कमी आहे," तो खाऊन म्हणाला. "मीठ अगदी बरोबर आहे," गुरुजी म्हणाला. लगेच वाद सुरू झाला, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

देवाचे आभार मी रोज मानते, ते माझं खातं वेगळं. पण या दोघांचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. वर्षभर ते डोंगरावर गेले नाहीत, वर त्याचा उच्चारही केला नाही. आणि वेळ आली तेव्हा एकाने स्वतःचं शास्त्र वाकवलं, दुसऱ्याने दोन्ही हात पुढे केले. घरी आल्यावर मी गुरुजीचं धोतर धुवायला मागितलं, तर म्हणाला, "वहिनी, डाग राहू द्या."

पण ते नंतरचं. वर कड्यापाशी शेवटी हे माझ्याकडे आले. माझ्या ताटलीत वाढेपर्यंत डावा हात बराच सरावला होता, एक थेंब सांडला नाही. मी खाल्लं. माझं पोट भरलं होतं, खरंच भरलं होतं. हे बादली घेऊन परत फिरत आले, उभे राहिले, पळी भरली. मी ताटलीवर हात आडवा धरला आणि म्हटलं, "नको हं, पुरे."

त्यांनी दोन पळ्या वाढल्या.